इर्जिक

सूचना होती: आपापला ड्रिल आणावा.
माझ्याकडे चार आहेत, पण त्यांनी आजवर फक्त दाढा कोरल्या.
म्हणून ट्वायलाचा घेतला, बांधकामावरचा, पिवळा,
मनगटाला हिसका देणारा.

मार्चचा दुसरा शनिवार. ओहायोच्या या कोपऱ्यात
कोळसा संपला तेव्हा माणसंही निम्मी संपली,
डोंगर तेवढे झाडांनी परत भरत गेले.
हे सत्तर एकर आता गावाचं,
म्हणजे थोडं चर्चचं, थोडं शाळेचं,
उरलेलं कुणाचंच नाही, म्हणून सगळ्यांचं.

विरळणीत पाडलेले ओक, मांडीएवढे ओंडके.
वीतभर अंतरावर एकेक भोक,
त्यात भुशातलं शिटाकेचं बियाणं ठासायचं,
वरून गरम मेणाचा ब्रश.
कोरणं, भरणं, बंद करणं.
एकवीस वर्षं हेच करते आहे मी.
इथे फक्त कीड काढायची नाही, आत घालायची,
आणि ती पसरावी म्हणून वाट पाहायची.

सभोवती सगळे ओळखीचे जबडे.
मेण ढवळणारी लव्हॉन, तिचा खालचा डावा पूल माझा.
बस चालवणारा इमेट, झोपेत दात खातो,
जागेपणी कुणाला दुखवत नाही.
इतकी वर्षं हे लोक माझ्याशी
'आ' एवढंच बोलले.
आज थांबतच नव्हते.

डेल्बर्ट रकर आला नव्हता.
त्याच्या रानात जिनसेंग कुठे आहे
हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही, ती गेली तरी.
एकदा दाढ काढल्याचे पैसे म्हणून
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मूळ ठेवलं त्याने टेबलावर:
दोन पाय, एक हात, मुरडलेली मान.
वय? मी फॉर्म भरताना विचारते तसं विचारलं.
मानेवरचे वळ नखाने मोजून म्हणाला, एकोणीस.

जेवताना ट्वायला म्हणाली,
तुमच्याकडे याला शब्द आहे का, असं मिळून राबण्याला?
इर्जिक, मी म्हणाले.
मला तो शब्दकोड्यात भेटला होता, आडवा, तीन अक्षरी.
मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटातली.
शेजाऱ्याचं रान नांगरायला निघालेल्या बैलजोड्या
मी कधी पाहिल्या नाहीत.
नियम तेवढा ठाऊक: ज्याचं रान, त्याचं जेवण.
मग हे जेवण कुणाचं? लव्हॉनने विचारलं.
कुणालाच सांगता येईना.
तिच्या नातवाने ताट दुसऱ्यांदा पुढे केलं.

पहिल्या वर्षी काही उगवलं नाही.
दुसऱ्या वर्षी एकोणतीस ओंडक्यांवर भलतीच बुरशी,
आणि मेण कुणी पातळ लावलं यावरून
चर्चच्या तळघरात दोन तास भांडण.
इमेट उठून गेला. परत आला, टोपी विसरली होती.
मग बसला.

त्याच हिवाळ्याआधी, ऑक्टोबरात,
डेल्बर्ट आला. कॉफीच्या डब्यात ओली वाळू,
वाळूत दीड वर्ष निजवलेलं बी.
कुणी काही विचारलं नाही. गुडघे मोडत तो खाली बसला.
उतार उत्तरेचा हवा, म्हणाला, वर मेपल,
आणि जिथे नेचा सुखात दिसेल तिथे.
पाचोळा बाजूला सार. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत पेर.
पाचोळा परत ओढ, कुणी आलंच नव्हतं असा.

खणायचं कधी?
दहा वर्षांनी, लाल फळं धरल्यावर.
आणि फळं तिथेच पुरायची, खिशात नाही.

माझ्या क्लिनिकचा कॉम्प्युटर
दोन वर्षांपलीकडची तारीख घेत नाही.
तारीख ट्वायलाने खडूने शेडच्या दारावर लिहिली,
पाऊस लागणार नाही अशा बाजूला.

लव्हॉनचा नातू मान वाकवून भोकं मोजत होता.
डेल्बर्टने त्याच्या मानेवर मातीचं बोट ठेवलं,
एकेक मणका चाचपत गेला,
आणि म्हणाला, सात.
राहू दे अजून.