पंचेचाळीस अंश

गेल्या वर्षी फळीवरची एक बॅटरी फुगली,
कोणी पाहिलं नाही. फळी गेली, पत्रा काळा पडला,
आणि ओकुमूच्या होडीचे तीन दिवे.
त्यानं पैसे मागितले नाहीत. तेच जास्त लागलं.

आता अपोंदी साबणाच्या डबीत
तांदळाएवढा थर्मिस्टर जोडते आहे.
तापला की याचा विरोध कमी होतो.
"आमच्या घराण्यात असा एकही नाही,"
म्हणते, आणि कथिलाचा धूर फुंकून बाजूला सारते.

कितीवर तोडायचं ते एका स्क्रूवर.
आधी थर्मिस्टर काखेत धरला: रिले गप्प.
मग भावाच्या चहाच्या कपाला टेकवला:
टक्.
चार्जरचा लाल दिवा गेला.
भाऊ म्हणाला, चहा तरी पिऊ दे.

पण कप निवताना रिले तडतडू लागला,
जोड-तोड, जोड-तोड,
रुसून दारापर्यंत जाऊन
परत येणाऱ्या माणसासारखा.
तिनं आणखी एक रेझिस्टर घातला,
बाहेरून पुन्हा आत:
पंचेचाळीसला तुटलं की
अडतीसपर्यंत बोलायचं नाही.

संध्याकाळी म्बिताच्या धक्क्यावरून होड्या सुटल्या.
सरोवरभर दिवे, ओमेना मासळीला भुलवणारे.
इतर बायका मोजतात, आपला कुठला ते.
अपोंदी दुकानातच चटईवर,
उद्याच्या बॅटऱ्या डोक्याशी.

मध्यरात्री फळीवरून एकदा
टक्.
ती कूस बदलते.
फळी नवी आहे, अजून लाकडाचा वास येतो.