संयुक्तपणे आणि पृथकपणे

ते वाक्य आम्ही वाचलंच नव्हतं.
पान सात, कलम एकोणीस.
डुलुथमध्ये त्या दिवशी उणे बावीस होतं.
लिंडक्विस्टच्या ट्रकच्या कोमट बॉनेटवर कागद ठेवून
हातमोजे दातांत धरून आम्ही सह्या केल्या.
आधी रेन्नी, मग मी, मग कोरीन.
शाई गोठली म्हणून रेन्नीनं पेन तोंडात धरलं,
दिवसभर ओठ निळा.

भाडं सतराशे चाळीस, भागिले तीन.
फ्रिजवर कोरीनच्या अक्षरात:
पाचशे ऐंशी, पाचशे ऐंशी, पाचशे ऐंशी.
दूध वेगळं, शाम्पू वेगळा,
चीजच्या पाकिटावरसुद्धा नाव.
इतकं पृथक होतं सगळं
की संयुक्त काय, सांगता आलं नसतं.
फार तर बाथरूमचं दार,
ज्याला मॅच हरल्यावर रेन्नीनं लाथ घातली.

मार्चमध्ये तो गेला.
आदल्या रात्री आमच्यासाठी वॉफल केले त्यानं, साचा धुवूनही ठेवला.
मग कोरीन, फार्गोला, आईकडे.
दोन आठवडे फोन उचलायची.

मी राहिले.
वृद्धाश्रमात रात्रपाळी, पत्ता तोच,
टपालपेटीवर नाव तेच.

न्यायाधीश बाईंना सर्दी झाली होती.
नाक पुसत, वाईट वाटून म्हणाल्या,
मिस हाल्व्हरसन, कायद्याला तृतीयांश कळत नाही.
पूर्ण रक्कम तुम्ही द्या,
त्यांच्याकडून नंतर वसूल करा.
तीन महिन्यांचं भाडं.
शिवाय दाराचे दोनशे दहा.

जिन्यात लिंडक्विस्ट टोपी कुरवाळत थांबला.
"काय करू, टोव्हे, तूच सापडलीस."

सापडणं.
एवढाच माझा गुन्हा.

माणूस करून सवरून नामानिराळा होतो म्हणतात.
पण नाव तर कागदावर आहेच त्याचं,
ठळक, निळं, सगळ्यांत वर.
निराळी झाली ती फक्त माणसं.

आज हप्ता भरून आल्यावर सातवं पान काढलं.
रेन्नीच्या सहीचं शेपूट
लांबत खाली उतरलंय
आणि माझं नाव बरोब्बर त्याच्यावर.
जरा बाजूला सरकून करता आली असती सही,
जागा होती.

पण बोटं बधिर झाली होती,
आणि तो म्हणत होता, लवकर कर,
आत जाऊन कॉफी टाकू.
तिघांची, एकाच भांड्यात.