हिरड्याला लागणारा वेळ

बामणोलीहून लाँच सुटली तेव्हा
माझ्या पिशवीत मोजणीचं यंत्र, चार जास्तीच्या बॅटऱ्या
आणि वनहक्काच्या छप्पन्न फायली.
एकोणिसावी: ठकूबाई बिरू ढेबे,
राहणार कारवीचा मुरा.
सोबत जोडलेला पुरावा: निरंक.

धरणाचं पाणी संपतं तिथून चढ लागतो,
दोन तासांचा.
ती म्हशींमागे होती. पदराला हात पुसत आली.
कायद्याला पंचाहत्तर वर्षं लागतात, मी म्हटलं,
तीन पिढ्या इथंच होता याचं काहीतरी.
"चला," म्हणाली.

दाखवला एक सपाट धोंडा,
ज्यावर तिच्या सासूच्या सासूनं नाचणी झोडलेली.
मग गवतात बुडालेली चूल.
मग वाघजाईच्या राईकडे वळताना
एक जांभूळ, बुंध्यावर कुऱ्हाडीचा घाव,
साल कडेकडेनं मिटत आलेली.

"हा माझाच हात.
ज्या साली गार्डानं खोपट मोडलं, त्या साली.
म्हटलं, आपण तर उद्या नसू,
ठेकेदार येईल, कोळशाला नेईल,
मग दोन पैसे आपल्याच ओच्यात का नकोत?
अर्ध्यात थांबले.
थोरपण नव्हं हो.
म्हैस अडली होती, हाक आली, गेले."

मी अक्षांश लिहिले, रेखांश लिहिले.
यंत्रात तीन मीटरची चूक धरावी लागते.
ती बांधाबांधानं चालत राहिली
आणि कुठेच अडखळली नाही.

उतरताना म्हणाली,
"तुमची माणसं येतात, झाडं लावा सांगतात.
नाचणीला चार महिन्यांचा भरवसा पुरतो.
हिरडा दहा-बारा वर्षं
नुसता कानोसा घेत असतो,
ही बाई राहणार का जाणार."

कागद आला चौथ्या उन्हाळ्यात.
मागितलं त्यातलं पाऊण मिळालं,
नवऱ्याच्या नावाआधी तिचं नाव,
तेही चुकलेलं: ठकुबाई धेबे.
वस्तीच्या वाट्याला डोंगराची मागची बाजू, सामाईक.
त्यावर सभा झाली, भांडण झालं,
फाल्गुनात जाळरेषा कोण काढणार,
पोरं सगळी पुण्यात, रात्री कोण जागणार.
ठरलं काहीच नाही.
तरी त्या वर्षी वणवा
खालच्या ओढ्याशी येऊन विझला,
आणि चार बायकांच्या हातांना फोड आले होते.

पुढे एक जण फीत घेऊन आला,
छातीच्या उंचीवर झाडांचे घेर मोजत.
जांभळापाशी सांगू लागला,
हवा तापते आहे, पाऊस वाट चुकतो आहे,
या एका झाडानं एवढा एवढा कार्बन धरून ठेवलाय.
ठकूबाईनं ऐकून घेतलं.
"आणि झाडाला कुणी धरलंय,
त्याचा रकाना आहे का तुमच्यात?"
त्यानं वही चाळली.
खरंच चाळली, बिचाऱ्यानं.

परवा मी पुन्हा गेलो, नावाची दुरुस्ती घेऊन.
घाव आता बोटभर उरला आहे.
त्याच्या पलीकडे कारवीच्या काठ्यांचं कुंपण,
आत हिरड्याची सहा रोपं.
सहा नव्हे, चार.
दोन गव्यानं खाल्ली, त्याचा राग ती
माझ्यावर काढत होती.
"त्याचाही हक्क असेल, नाही कोण म्हणतं?
पण सभेला यावं की मग."

ताक दिलं. मी फाईल उघडली.
नाव बदलायला अर्ज नव्यानं करावा लागेल,
मेढ्याला जावं लागेल, वर्षही लागेल कदाचित,
मी जरा ओशाळूनच सांगितलं.
खालून लाँचचा भोंगा झाला.
ती रोपापाशी वाकून माती दाबत होती,
टाचेनं नाही, तळहातानं.

"होऊ द्या सावकाश," म्हणाली,
"आता कुठं जायचंय?"