आवाजाचा आकडा

मला सगळं तोंडपाठ असतं.
कोअर किती, थ्रेड किती, गिगाहर्ट्झ कुठवर चढतो,
नावाच्या शेवटी एच असला तर काय, यू असला तर काय.
तार्तूत, नदीकडच्या या दुकानात
तीन वर्षं मी हेच बोलतोय,
मधे श्वास कुठे घ्यायचा तेही ठरलेलं.

हेल्वे ओरास आल्या मार्चमध्ये,
बुटांना रस्त्यावरचं मीठ लागलेलं.
टोपी काढून खिशात कोंबली,
आणि मी पंचेचाळीस वॅटच्या मशीनवर हात ठेवून
सुरू झालो.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
मग विचारलं,
"आणि हा वाजतो किती?"

स्पीकर चांगले आहेत, मी म्हटलं.
"स्पीकर नाही. हा. आतला.
विचार करताना वाजतो किती?"

त्या अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचतात,
घरीच, कपड्यांच्या कपाटात,
दोन लोकरी कोटांच्या मधे स्टूल टाकून.
लॅपटॉप नवऱ्याचा, जुना. चौथ्या पानाला तापतो,
सहाव्याला पंखा सुरू.
वाल्गाच्या एन्देल नावाच्या म्हाताऱ्यानं कळवलं होतं:
सातव्या प्रकरणात मधमाशी आहे,
गोष्टीत तर हिवाळा चाललाय.

माझ्याकडे आकडा नव्हता.
खोक्यावर वजन होतं, जाडी होती,
बॅटरीचे तास होते (ते खरे नसतात, दोघांनाही ठाऊक),
आवाजाचा रकाना नव्हता.
मी दुकानातलं गाणं बंद केलं.
मग दाराजवळचा कोल्ड्रिंकचा फ्रीजही.
मालक वर जेवत होता, बरं झालं.

आणि आम्ही ऐकलं.
एकेका मशीनच्या कीबोर्डवर गाल टेकून,
ताप आलेल्या मुलाच्या छातीशी वाकावं तसे.
मी प्रत्येकाला मुद्दाम जड काम दिलं.
एच दोन मिनिटांत घोंघावू लागला.
"हा नको," त्या म्हणाल्या, "हा माझ्याआधी बोलतो."
दुसरा बराच वेळ गप्प, मग एकदम शीळ.
"हा मनात ठेवतो आणि नंतर ओरडतो.
असा एक होता घरात."
त्या हसल्या. मी हसावं की नाही, कळेना.

कोपऱ्यात एक होता, पंखाच नसलेला.
चार कोअर, मागच्या वर्षीचा,
शाळकरी पोरांच्या आयांना देतो तो.
"हळू आहे," मी म्हटलं. "तापला की आणखी हळू होतो.
पण बोलत नाही."
त्यांनी कान लावला, डोळे मिटले.
बाहेरून एक बस गेली, तेवढंच.
"मी तरी कुठे भरभर वाचते," म्हणाल्या.

नाकापेक्षा मोती जड नको,
हे या धंद्यात मला कुणी शिकवलं नव्हतं.
कमिशन एकोणीस युरोंनी बुडालं, तेही खरं.

मेमध्ये पुन्हा आल्या, कसलीशी केबल हवी होती.
आता कपाटात घड्याळ ऐकू येतं म्हणाल्या,
पलीकडच्या खोलीतलं,
कोटाचं अस्तर, आणि पान उलटताना स्वतःचा घसा.
इतकी वर्षं पंख्यानं हे सगळं झाकलेलं.
घड्याळ चादरीत गुंडाळून ठेवलंय.
घसा कशात गुंडाळायचा?
आणि एन्देलनं पुन्हा कळवलंय:
पुस्तक छान. मधमाशीचं काय झालं?

त्याला उत्तर अजून गेलेलं नाही.
केबल चुकीची निघाली, बदलून दिली.

त्या रात्री मी घरी माझं मशीन लावलं,
सोळा कोअरचं, तीन पंख्यांचं, हप्ते अजून चालू.
काहीच उघडलं नाही, नुसता बसून राहिलो.
कुणी काही विचारलं नव्हतं त्याला,
तरी ते
एवढा कसला विचार करत होतं?