गळती

माझं काम होड्यांच्या फटी बुजवायचं.
आलेर्से झाडाच्या सालीचे धागे वळायचे,
फळ्यांच्या सांध्यात हातोडीने ठोकायचे, वरून डांबर.
चाळीस वर्षं.
चिलोएच्या या अंगाला, आमच्या बेटावर
ज्याची होडी गळते तो माझ्या दारी येतो.

लुचे गळायला लागली
तेव्हा मी कुणाच्या दारी जाणार होतो?
तीन महिन्यांची. नाव समुद्रातल्या शेवाळाचं,
रंगही तसाच, हिरवट काळा.
सोमवारी तिने वाटीकडे पाठ केली.
मंगळवारी पहाटे जमिनीवर जे पडलं होतं
त्याचा वास म्हणजे गंजका खिळा
आणि त्यावर काहीतरी गोड.

यास्ना गुरुवारच्या लाँचने येते, गुरांना टोचायला.
या खेपेला बुधवारीच आली,
ओलेगारियोच्या होडीतून, बर्फाच्या पेटीवर बसून.
पट्टीवर दोन रेघा उमटल्या. पार्वो.
मी म्हणालो, औषध दे.
म्हणाली, याला मारणारं औषध माझ्याकडे नाही.
लढायचं ते तीच लढेल.
आपण तिला रिकामी होऊ द्यायची नाही.

तेव्हा कळलं.
ही उलटी होडी आहे.
पाणी आत येत नाही, बाहेर चाललंय,
आणि समुद्र उचलून आत ओतायचाय
थेंबाथेंबाने.

चुलीवरच्या काठीला, जिथे माझे मोजे वाळतात,
तिथे सलाइनची पिशवी टांगली.
उलटी थांबवायची सुई.
फाटक्या आतड्यातून रक्तात शिरेल त्याच्यासाठी दुसरी.
लोकरी मोज्यात गरम पाण्याची बाटली, पोटाशी.
शिरेतली नळी निघालीच तर
मानेमागची कातडी चिमटीत धरून आत सोडायचं, तिने दाखवलं.
पाण्याचं कुबड उभं राहतं
आणि ओहोटीसारखं हळूहळू ओसरतं.

एतेल्विना लसूण घेऊन आली.
आमच्याकडचा लसूण, मुठीएवढा.
"तीन पाकळ्या ठेचून घाला, जंत काय नि ताप काय."
यास्ना म्हणाली, कुत्र्याचं रक्त नासतं त्याने.
म्हातारीचं तोंड एवढंसं झालं.
"मग मातिकोचा पाला?"
"तो तुमच्या पायाच्या जखमेला लावा, बाई. अजून भरली नाही ती."
मग जरा थांबून, "लसूण दारावर टांगा.
आणि कोंबडी उकळा. मीठ नको, कांदा नको,
वरची चरबी काढून टाका. उद्या लागेल."
"उद्या?"
"लागेल असं धरून उकळा."

रात्री बादलीत ब्लीच,
एक भाग त्याचा, तीस भाग पाणी.
बूट, उंबरा, फरशी, माझे हात.
मातीत वर्षभर जगतो म्हणे हा,
थंडीला भीत नाही, आमच्यासारखाच.
दर दोन तासांनी उठायचो.
घड्याळाची गरज पडली नाही,
खालच्या गोट्यांवर पाणी कुठवर आलंय ते ऐकू येतं.
हिरड्या दाबून बघायचो, पांढऱ्याच्या गुलाबी होतात का.
एकदा झाल्याच नाहीत, किंवा कंदील वाईट होता.
मी देवाला काही बोललो नाही.
बाटलीतलं पाणी बदललं.

तिचा भाऊ ओलेगारियोकडे होता.
त्याची बातमी त्याने दिली नाही.
सकाळी आला, कुंपणाबाहेरच थांबला,
आणि उरलेला ब्लीच मागून घेऊन गेला.

शुक्रवारी पाच थेंब रस्सा. राहिला.
पुन्हा पाच. राहिला.
दहा दिले, हावरटासारखे,
ते माझ्या बाहीवर आले.
परत पाच.

रविवारी उठली, चार पाय चार दिशांना.
एतेल्विना रोज विचारते,
"लसूण लागू पडला ना?"
मी हो म्हणतो.
यास्ना समोर असली तर ती पिशवीत काहीतरी शोधते.

दारापुढचं गवत ब्लीचने जळालंय.
वर्षभर इथे दुसरं पिल्लू आणायचं नाही.
लुचेने परवा माझ्या धाग्यांचा गुंडा पळवला,
खाटेखाली बसून चावला.
ओढून घेतला. ओला, दातांच्या खुणांचा.
बादलीत बुडवला, दोन दिवस वाऱ्यावर वाळवला,
आणि ओलेगारियोच्या होडीत ठोकला,
तळाशी, जिथे ती सगळ्यात जास्त गळायची.
त्याला सांगितलं नाही.