हातात देऊ नये

रविवारी सकाळी साडेसातला
कन्ना चौकातल्या हॉटेलात, मागचं टेबल.
त्याचा एक पाय आखूड, म्हणून
खाली बिडीचं रिकामं पाकीट दुमडून लावलेलं.
तिथे आम्ही खिसे रिकामे करतो.
आधी रुमाल. मग चष्म्याचं घर.
मग ते.

गुरुपादप्पाचा वाकड्या चोचीचा, पितळी मुठीचा.
वळसंगच्या मळ्यात डाळिंबाची गुटी बांधताना
फांदीची साल तो अंगठीएवढी गोल काढतो,
आतल्या लाकडाला कळू न देता.
पात्यावर सालीचा काळा डाग.
पुसत नाही. "रंग चढलाय," म्हणतो,
जसं नव्या नवरीबद्दल बोलावं.

नरसय्या येमूलचा चाकू म्हणजे
उरलेला चाकू.
एक्केचाळीस वर्षं टॉवेलांच्या दशा कापून
पातं झिजलंय तृतीयेच्या चंद्राइतकं.
तो बोलतो मोठ्याने,
मागाच्या खडखडाटावर चढवलेला आवाज
माग थांबला तरी खाली उतरत नाही.
त्याच्या घरी याला कत्ति म्हणतात,
गुरुपादप्पाकडे चूरि,
दस्तगीर शिकलगार सगळ्यालाच माल म्हणतो.

दस्तगीर सायकलवर साण फिरवतो,
नखावर टेकवून धार पाहतो आमची.
त्याचा स्वतःचा मात्र बोथट.
विचारलं तर म्हणे,
"न्हावी स्वतःची मान कधी बघतो का बे?"

आणि माझा. दोन पात्यांचा,
त्र्याऐंशीच्या गड्ड्याच्या जत्रेतला, साडेसात रुपयांचा.
कोषागारात बिलं तपासायचो मी.
पेन्सिली तासल्या, बस्त्यांच्या लाल फिती कापल्या,
एकदा साहेबांच्या मुलीचा पेरू.
बस्स.
एकदा कोर्टाच्या दारात शिपायाने काढून घेतला,
तर संध्याकाळपर्यंत डावा खिसा
कुणी घरी नसल्यासारखा.

मधेच पद्मावती येते, मालकाची सून,
"एक द्या की, दुधाची पिशवी फोडायचीय."
चौघेही आपापला पुढे सरकवतो.
ती दाताने फोडून निघून जाते.

नियम एकच.
हातात द्यायचा नाही.
टेबलावर ठेवायचा, मूठ समोरच्याकडे,
मग त्याने उचलायचा.
हातातून हातात गेला की भांडण होतं.
तिन्ही भाषांतल्या आयांनी
हे एकच सांगितलेलं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी
नरसय्या उशिरा आला.
माग किलोवर गेला, म्हणाला.
मुलगा सुरतेला आहे. तिकीट झालंय.
चहावर साय धरेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग त्याने खिशातून काढला,
मिटला, आणि टेबलावरून हात लांब करून
माझ्यासमोर धरला.

"खाली ठेव," मी म्हणालो.
त्याला ऐकू गेलं नाही,
की गेलं.
"खाली ठेव की बे!"

"होऊ दे भांडण,"
तो त्याच्या मागाच्या आवाजात म्हणाला,
सगळं हॉटेल वळून बघायला लागलं,
"भांडायला तरी यावं लागंल ना मला."

घेतला.
खिशाची ऊब होती त्याला.

आता दोन्ही खिसे भरलेले.
रात्री नऊनंतर फोन येतो,
"तेल कुठलं घालतोस?"
"खोबरेल."
"खोबरेल? डोक्याला लाव ते! मशीनचं घाल, मशीनचं!"
फोन कानापासून हातभर लांब धरतो मी,
बायको आतून विचारते, कुणाशी भांडताय एवढं.

बिजागरीत गुलाबी टॉवेलचा एक धागा अडकलाय.
परवा दस्तगीर सुई घेऊनच बसला होता.
राहू दे, म्हटलं.
उघडताना जरा अडतो,
तेवढं चालतं.