दोन किलो

थ्योलोच्या चहामळ्यात मी काट्यावर बसायचो.
टोपलीचे म्हणून दोन किलो कापायचे,
पान ओलं असेल तर आणखी एक.
वरून तसा हुकूम होता; माझा हात
हुकमाच्याही चार बोटं पुढे चालायचा.

एलुबी नाखुम्वा रांगेत मागे असायची,
पाठीशी चितेंजेत घट्ट बांधलेलं पोर.
इतर बायका वजनाची चिठ्ठी कमरेला खोचत.
ही वाचायची.
तिथूनच बिनसलं.

मुलांजेकडून चिपेरोनीचं धुकं उतरलं
की पलीकडच्या ओळीतलं माणूस दिसत नसे,
नुसती पानं खुडल्याचा आवाज.
त्यात ती उकिडवी बसून
चिठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायची.
काय लिहितेस, मी एकदा हटकलं.
"उधारी," म्हणाली.
मला वाटलं, मिठाची, साबणाची.

रात्री तिच्या झोपडीत बायका जमत,
एकेक जण सांगे, ती उतरवून घेई:
कोणाचं बोट सुजलं, कोणाला कळा
ओळीतच सुरू झाल्या,
कोणाचे किती किलो, कोणत्या तारखेला.
तारखा तिला पाठ असत.
आणि मध्येच कोणाचं तरी हसू,
तेही तिने गाळलं नाही.

मग लॉरी आली. झोम्बाचा तुरुंग, चौदा महिने.
परतली तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं वळत नव्हती.
चर्चमधल्या कोणीतरी जुना टाइपरायटर दिला.
"आता अक्षरं गोंजारता येत नाहीत," ती म्हणायची,
"ठोकावी लागतात."

पुस्तक आलं. शहरातले लोक मोटारीतून आले.
इंग्रजीत बोला, म्हणाले.
ती लोम्वेत बोलली;
दुभाष्याच्याही घरी चूल आहे, म्हणाली.

मी तीन दिवसांची मजुरी मोडून ते घेतलं,
दार लावून माझं नाव शोधलं.
नव्हतं.
एका पानाच्या तळाशी एवढंच:
"काट्यावरच्या माणसालाही नाव असावं.
आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही."
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता तिथे आधी रिकामी टोपली तोलतात.
आता मी तिथे नाही.

तिच्या पेटीला हात लावायला मला कोणी बोलावलं नव्हतं.
गेलो. मागचा कोपरा धरला.
हलकीच होती.
सवयीने मनातल्या मनात मी दोन किलो वजा केले,
चढावर थांबलो,
आणि परत मिळवले.